प्रार्थनेच्या साखळीची तपासणी

अण्णा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला फारसं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही ख्रिस्ती मंडळीचे पाळक होता. जन्मभर लोक तुमच्याशी मान खाली घालून गोड बोलले, त्यात माझी भर नको म्हणून मी गप्प राहिलो, असं हवं तर समजा. आज लिहायला बसलोय, कारण येत्या रविवारी मंडळीपुढं उभं राहून मला साक्ष द्यायची आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, आणि ते मी सांगायचं! तुमचा हा मुलगा उपासनेत दाराजवळच्या बाकावर बसतो आणि उपदेश लांबला की बाहेर जाऊन रस्त्यावरच्या गाड्या बघतो, हे तुम्हाला माहीतच आहे. काय बोलावं ते सुचत नाही आणि ज्याला विचारावं असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा कुणी नव्हता.

झालं असं की उन्हाळ्यात आम्ही औशाला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत तुमच्या सुनेच्या हातातून पुरी गळून पडली. मी म्हटलं, नीट धर की. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचं तोंड एका बाजूला ओघळलं. लग्नघरच्या गाडीतून अर्ध्या तासात लातूरला पोचलो, म्हणून जीव वाचला. अठरा दिवस दवाखान्यात होतो. लकवा आहे, उजवी बाजू गेलीय, पायात बळ येईल, पण बोलण्याचं आत्ताच काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. 'बघू,' म्हणाले. ह्या 'बघू'चा मला फार राग आला. तुम्हीच तिला पसंत केलं होतं, अण्णा, तुम्हीच आमचं लग्न लावलं होतं. तिचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. सकाळी चहाच्या आधणाबरोबर सुरू व्हायचं ते दिवे मालवेपर्यंत. तेहतीस वर्षं मी त्या बोलण्याला वैतागलो, आणि नांदेडला घरी आणल्यावर पहिल्याच दुपारी घर इतकं गप्प झालं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी वाजवली. मला तिचा आवाज परत हवा होता. दुसरं काहीही नको होतं.

माझं काम संशयाचं आहे, हे तुमच्या डोळ्यांदेखत सुरू झालं. एकतीस वर्षं बसगाड्यांची तिकिटं तपासतोय. रस्त्यात कुठंही जीप आडवी लावायची, गाडीत चढायचं आणि पहिल्या नजरेत ओळखायचं, कोण खिडकीबाहेर जास्तच बघतंय, कोण झोपेचं सोंग घेतंय, कुणाच्या मांडीवरचं लेकरू सांगतात त्यापेक्षा मोठं आहे. माझ्या माघारी कंडक्टर मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. ही सवय घरी आल्यावर बाहेर काढून ठेवता येत नाही. दूधवाला हसला तरी मला वाटतं, आज पाणी जास्त घातलंय. मग कुणी म्हणालं की तुमच्यासाठी प्रार्थना करतो, तर मी काय समजावं?

आत्ताचे पाळक तिशीतले आहेत. पायात पांढरे बूट, खांद्याला गिटार. पहिल्या दिवसापासून माझा त्यांच्यावर भरवसा नाही. ते घरी आले, हिच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "काका, आपण ताईंसाठी चाळीस दिवसांची साखळी लावू." तुमच्या वेळी साखळी एका दिवसाची असायची, उपासाच्या दिवशी. ही चाळीस दिवसांची. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या चोवीस पाळ्या, प्रत्येक पाळीला एक माणूस. जिथं असेल तिथं बसून त्यानं हिच्यासाठी प्रार्थना करायची, त्याची वेळ संपली की पुढच्यानं सुरू करायची. यादी देवळाच्या दारावर चिकटवली आणि सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवली. ती मी ड्युटीचा तक्ता वाचावा तशी वाचली. चोवीस माणसं, चाळीस दिवस, आणि तपासायला कुणीच नाही. असं खातं मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर यादी वाचून मला क्षणभर बरं वाटलं होतं, आणि मला बरं वाटलं की मी लगेच सावध होतो. कुणीतरी आशा दाखवून आपल्याला फसवणार, असं मनात येतं.

म्हणून मी साखळी तपासायला निघालो. हसू नका. साडेअकराची पाळी आमच्याच गल्लीतल्या एका मास्तरांच्या बायकोची होती. मी वाटी परत करायच्या निमित्तानं गेलो, तर बाई फोनवर बहिणीशी बोलत बसल्या होत्या. मला बघून फोन पालवाखाली गेला. "मनात चालूच असतं हो भाऊजी," त्या म्हणाल्या. मी वाटी ओट्यावर ठेवून निघालो. दुसऱ्या दिवशी दोनच्या पाळीला कचेरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडं गेलो, तर ते खुर्चीत घोरत होते आणि पवित्र शास्त्र छातीवर उलटं पडलं होतं. दोन तपासण्यांत दोन विनातिकीट. घरी येऊन हिच्या शेजारी बसलो तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, पण आतून बरंच वाटत होतं. माझं म्हणणं खरं निघत होतं ना! तिनं डोळ्यांनी विचारलं, कुठं गेला होता? मी म्हटलं, चौकापर्यंत.

तिसरं नाव अर्धापूरचं होतं, पाळकांच्या खेड्यातल्या मंडळीतलं. चार ते साडेचार. नावावरून काही कळलं नाही, पण पुढं लिहिलं होतं 'केळीच्या शेडवर'. त्या दिवशी माझी ड्युटी त्याच रस्त्यावर होती. मी ड्रायव्हरला जीप लांब उभी करायला सांगितली आणि चालत गेलो. शेडमध्ये बायका केळीच्या फण्या हौदात धुऊन खोक्यांत भरत होत्या. रचलेल्या खोक्यांच्या आड एक म्हातारी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तिला पाहिलं आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. मी तिला ओळखत होतो. वर्षभरापूर्वी ह्याच रस्त्यावर, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर मिळतो तो फुकट प्रवास ती करत होती आणि तिच्याजवळ आधारकार्ड नव्हतं. घरी राहिलं म्हणाली. मला ती साठीची वाटली. कार्ड असतं तरी त्यावर जन्मतारीख म्हणून एक जानेवारीच असणार, तुम्ही सगळ्या एकाच दिवशी जन्मलेल्या, असं मी भरल्या गाडीत म्हणालो. लोक हसले. तिला मी उतरवलं, भर उन्हात, फाट्यावर. नियम माझ्या बाजूनं होता. हसवायचा नियम मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता.

आता तीच बाई हिच्या नावानं बसली होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही सूड उगवायला बसलीय. शाप द्यायलाही अर्धा तास पुरतो. मी खोक्यांच्या ह्या बाजूला उभा राहून ऐकू लागलो. ती मोठ्यानं बोलत होती, शेजारणीशी बोलावं तशी. "परभू, त्या चेकरच्या बायकोला बोलती कर. लई मागत न्हाई मी. तेला चार शिव्या देता येतील येवढी तरी जबान दे तिला. बायकोनंच दिल्या तर तेला लागतील, दुसऱ्याच्या लागत न्हाईत." मग पुन्हा, "ती कशी हाय मला ठाव न्हाई. पन त्या मानसाजवळ टिकून राहिली म्हंजी सोशीक आसंल. तिला उठव बापा."

मी खोकलो. तिनं डोळे उघडले, मला बघितलं, दचकली नाही. "या साहेब. तपासाया आले का?" असं म्हणून तिनं चोळीतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातलं कार्ड माझ्यापुढं धरलं. "आज हाय बघा."

मी म्हटलं, "मावशी, ते राहू द्या. ही पाळी तुम्ही कामून घेतली?"

"मी न्हाई घेतली. पाळकसाहेबानं लिवली. त्येला काय ठाव तुमचं आन माजं. मंग समजलं कुनाची बायको हाय ते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "खरं सांगू का साहेब? पैले आठ दिस मी तिचं नाव घेतलंच न्हाई. डोळे मिटले की तुमचंच तोंड म्होरं यायाचं. आन ते समदे हासनारे. मंग म्या परभूला म्हनलं, माज्याजवळ आत्ता रागच हाय, दुसरं काई न्हाई, आदी तोच घे. आठ दिस नुसता रागच देत होते. नवव्या दिशी तिचं नाव निघालं तोंडातून."

"म्हणजे आठ दिवस तुमची कडी तुटलेलीच होती," मी म्हणालो. बघा अण्णा, त्या वेळीही मला हेच सुचलं.

"तुटंल कशी? राग बी त्येलाच दिला की. घरी न्हाई ठिवला." मग हौदावरच्या घड्याळाकडं बघून म्हणाली, "साडेचार झाले. आता तामसा गावच्या ताईची पाळी. जा तुमी, मला खोके भरायचेत." मला माफी मागायची होती. मी म्हणालो, "कार्ड सांभाळून ठेवत जा." एवढंच जमलं. जीपपर्यंत जाताना स्वतःची फार लाज वाटली. तरीही गाडीत बसल्यावर मी विचार केला, की हिनं मला लांबून येताना पाहिलं असेल आणि हे सगळं मला ऐकवायलाच म्हटलं असेल. चार दिवसांनी मी पुन्हा गेलो, ह्या वेळी मागच्या वाटेनं. ती तशीच बसली होती, तेच मागत होती, शिव्यांसकट. ह्या खेपेला मी खोकलो नाही, तसाच परतलो.

इकडं एक मुलगी रोज सकाळी हिला बोलायला शिकवायला येत होती. आरसा धरायची, गाल फुगवायला लावायची, ओठ मिटून 'म' म्हणायला लावायची. हीच कसरत महिनाभर. मी भाजी करायचो, भरवायचो. एके दुपारी पहिला घास घेतल्यावर तिनं तोंड वाकडं केलं, ओठ मिटले, बराच वेळ मिटूनच ठेवले, आणि म्हणाली, "मीठ." मी मीठ घालायचं विसरलो होतो. अण्णा, मी ताट खाली ठेवलं आणि रडलो. मग डोळे पुसले आणि हिशेबाला बसलो, की हे कुणामुळं झालं. 'म'ची कसरत त्या मुलीची. गोळ्या लातूरच्या डॉक्टरांच्या. अळणी भाजी माझी. आणि अर्धापूरच्या शेडमध्ये रोज चार वाजता कुणीतरी मागत होतं ते वेगळंच. कुणाच्या नावावर टाकू? आता ती दहा-बारा शब्द बोलते, काही अर्धे. माझं नाव अजून येत नाही. त्याऐवजी ती हात वर करते.

साखळी संपल्यावर पाळक आले आणि म्हणाले, "काका, रविवारी साक्ष द्या." माझ्या मनात आलं, ह्यांना रविवारी गर्दी हवीय. पण पुढं त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त एवढं करा, आधी दवाखान्याचं आणि औषधांचं सांगा. प्रार्थनेनं बरी झाली असं म्हणू नका. नुसते आभार माना." मी विचारलं, का? तर म्हणाले, मागच्या महिन्यात एका खेड्यातल्या घरी प्रार्थना चालली होती, तेव्हा दोघं जण दारात उभे राहून मोबाईलवर चित्रीकरण करून गेले. बोलले काहीच नाहीत. बरं करतो म्हणून लोकांना बाटवतात, अशी तक्रार होईल म्हणून तेव्हापासून त्या घरच्यांची झोप उडालीय. हल्ली दिवसच असे आहेत, की चार माणसं डोळे मिटून बसली तर पाचवा मोबाईल उघडून उभा राहतो. पाळकांच्या कपाळावर घाम होता आणि मला पहिल्यांदा तो पोरगा माझ्यासारखाच वाटला, सगळ्यांकडं संशयानं बघणारा. तो गेला आणि मला तुमची आठवण आली. कारण हेच शब्द मी आधी ऐकले होते. लहानपणी आपण औशाला राहत होतो तेव्हा, तुमच्या तोंडून. फक्त तुम्ही ते भीतीपोटी म्हणाला नव्हता.

मी दहा वर्षांचा होतो आणि मुदतीच्या तापानं तीन आठवडे पडलो होतो. तुम्ही उशाशी गुडघे टेकून बसायचा. आणि बाजारातले ते लिंगायत डॉक्टर, कपाळावर भस्माचे पट्टे, दवाखाना बंद करून रोज आपल्या घरी यायचे, गोळ्या द्यायचे, आईला पेज कशी करायची ते सांगायचे. मी उठलो. रविवारी तुम्ही मला साक्ष द्यायला बाकावर उभं केलंत आणि डॉक्टरांनाही बोलावलंत. ते मागं बसले होते. मी म्हणालो, मला कुठल्याच औषधाचा गुण आला नाही, फक्त प्रार्थनेनं बरा झालो. सगळं देऊळ हालेलुया म्हणून गरजलं, आणि डॉक्टर उठून बाहेर गेले. पुढं आयुष्यभर मी ही गोष्ट सांगत आलो. अण्णांनी मला पढवलं, माझ्या तोंडून खोटं वदवलं, म्हणून माझा साक्षींवर विश्वास नाही. डेपोत सांगितली, मित्रांना सांगितली, लग्नानंतर हिला सांगितली. ही म्हणाली होती, "अण्णा तसं करायचे न्हाईत." मी म्हणालो, तुला काय माहीत.

तुम्ही मला पढवलं नव्हतं. त्या रविवारी सकाळी आईच्या चुलीपाशी माझ्या केसांना तेल लावताना तुम्ही म्हणालात, आधी डॉक्टरसाहेबांचं आणि गोळ्यांचं सांग, मग देवाचे आभार मान. मी हो म्हणालो. बाकावर चढलो तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते, आणि मला ठाऊक होतं की गोळ्यांचं सांगितलं तर कुणी हालेलुया म्हणणार नाही. म्हणून मी गोळ्या गाळल्या. त्या दुपारी तुम्ही माझा हात धरून डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलंत. वाटेत एवढंच बोललात, "साक्ष म्हणजे पाहिलेलं सांगायचं. गोळ्या तू पाहिल्या होत्यास." आणि डॉक्टरांपुढं मात्र म्हणालात, "माझं चुकलं साहेब, मीच पोराला नीट शिकवलं नाही." डॉक्टर हसले, लेकरू हिंडायला लागलं ना, मग झालं म्हणाले. तुमचं ते 'माझं चुकलं' मी उचललं आणि पुढं तेच खरं म्हणून वापरलं. सगळ्या जगाची तिकिटं तपासली आणि ह्या एका गोष्टीला कधी हात लावला नाही. तुम्ही जिवंत असताना हे कबूल करायला मला पुष्कळ वेळ होता. तुम्ही वाट बघत होता का, हे आता विचारण्यात अर्थ नाही.

रविवारी मी उभा राहीन. पाहिलेलंच सांगेन. गोळ्या, आरसा, लातूरचे डॉक्टर, मास्तरांच्या बायकोचा फोन, त्या गृहस्थांचं घोरणं, आणि केळीच्या शेडवर आठ दिवस देवाला राग देणारी बाई. हालेलुया म्हणायचं का नाही ते लोकांनी ठरवावं. साखळीतल्या सगळ्यांना बोलावलंय, म्हणून ती बाई देवळात असेल, तिला माझ्या शेजारी बसवायचं मनात आहे, येईल का माहीत नाही. दारात कुणी मोबाईल घेऊन उभा असला तर त्यालाही ऐकू देत. हे कागद मी कुठं पाठवणार नाही. कपाटातल्या जुन्या फायलींखाली ठेवून देईन, तिथं कुणी बघत नाही.

आणखी एक राहिलं. चाळीस दिवस मी दुसऱ्यांची प्रार्थना तपासत हिंडलो, पण हिच्यासाठी स्वतः एकदाही डोळे मिटले नव्हते. काल दुपारी हिच्या शेजारी बसून मिटले. शब्द आले नाहीत, अर्ध्या मिनिटाच्या वर बसवलंही नाही. डोळे किलकिले करून बघितलं, कुणी बघतंय का, तर ही टक लावून माझ्याकडं बघत होती. तिनं काही विचारलं नाही. 'काय' हा शब्द तिला आता येतो, विचारू शकली असती.